दमेकरी मुले आणि बदलीचे गाव

नोकरी म्हटली की बदली आलीच. बँक, रेल्वे, टपाल, एस.टी., शिक्षण खाते, आरोग्य खाते, कुठलेही घ्या. आपल्या मंडळाचे बहुतेक सभासद नोकरदार आहेत, आणि बदलीचा हुकूम हाती पडल्यावर घरात काय चर्चा सुरू होते ते प्रत्येकाला ठाऊक आहे. घरभाडे, मुलांची शाळा, म्हाताऱ्या आईवडिलांची सोय. परंतु ज्या घरात दमेकरी मूल आहे तिथे या सर्वांच्या आधी एक प्रश्न उभा राहतो. तिथली हवा मुलाला मानवेल का?

याच्या नेमकी उलट परिस्थितीही अनेक घरांत असते. बदली नसते, पण मुलाची रात्ररात्र चाललेली धाप पाहून नातेवाईक सांगतात, "हे गाव सोडा, कोरड्या हवेत जा, दमा आपोआप जाईल." आईवडील बिचारे विनंती बदलीचा अर्ज लिहितात, कोणी घर विकायला काढतो, कोणी मुलाला मामाकडे ठेवतो. एवढा मोठा निर्णय ऐकीव माहितीवर घेऊ नये, यासाठी हा लेखप्रपंच.

आम्ही डॉक्टर नाही, बँकेतले लिपिक आहोत. पण आमच्या दोन्ही मुलांना दमा आहे. १ एप्रिल २०२० रोजी सरकारी बँकांचे मोठे विलीनीकरण झाले, त्यानंतर अनेक ठिकाणी शेजारशेजारच्या शाखा एक झाल्या. त्यातच आमची बदली रत्नागिरी जिल्ह्यातून सोलापूरला झाली. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलुखातून आम्ही साधारण ५०० ते ७०० मिलिमीटर पावसाच्या मुलुखात आलो. त्या निमित्ताने आम्हां उभयतांना जे वाचावे लागले, डॉक्टरांना विचारावे लागले आणि प्रत्यक्ष पाहावे लागले, ते सभासदांपुढे ठेवीत आहोत.

दमा म्हणजे नेमके काय?

आपल्या फुप्फुसांत हवा नेणाऱ्या नळ्या झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक बारीक होत जातात. दमेकरी मुलाच्या या नळ्यांना आतून कायमची सौम्य सूज असते. मूल बरे दिसत असले, हसत-खेळत असले तरी ही सूज असतेच. अशा नळ्यांना धूळ, धूर, सर्दीचा विषाणू, गार वारा किंवा परागकण यांपैकी काही लागले की तीन गोष्टी घडतात. नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आतली सूज वाढते आणि चिकट कफ साठतो. मग श्वास सोडताना छातीत सूं सूं आवाज येतो, पहाटे खोकल्याची उबळ येते, धावताना धाप लागते.

पुष्कळदा डॉक्टर पालकांना बरे वाटावे म्हणून 'बाळदमा' किंवा 'ॲलर्जीचा खोकला' असे सौम्य शब्द वापरतात. मुलगी असेल तर घरचेच 'दमा' हा शब्द उच्चारू देत नाहीत, उद्या लग्नाचे काय होणार म्हणून. परंतु रोगाचे नाव लपविल्याने उपचार अर्धवट राहतात. दमा संसर्गजन्य नाही. तो आनुवंशिक प्रवृत्ती आणि भोवतालची परिस्थिती या दोहोंतून येतो. योग्य औषध घेतले तर दमेकरी मूल इतर मुलांसारखेच शिकू शकते, खेळू शकते. अनेक मुलांचा त्रास वयात येताना कमीही होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नळ्यांची सूज ही मुलाच्या शरीरात आहे, आणि ती चेतविणाऱ्या वस्तू बाहेर आहेत. गाव बदलले की बाहेरच्या वस्तू बदलतात. शरीर मात्र तेच राहते.

हवापालटाची कल्पना आली कोठून?

'हवापालट' हा शब्द आपल्या आजी-आजोबांच्या पिढीपासून घरोघरी आहे. त्यामागे मुख्यतः क्षयरोगाचा इतिहास आहे. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन हे औषध निघेपर्यंत क्षयावर खात्रीचे औषध नव्हते. स्वच्छ हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच उपचार होता. म्हणून पाचगणी, मिरज अशा ठिकाणी आरोग्यधामे उभी राहिली. पुढे औषधे आली, पण 'छातीचा आजार म्हणजे हवापालट' हे समीकरण लोकांच्या मनात राहिले आणि ते दम्यालाही लागू झाले.

दम्याच्या बाबतीत हा प्रयोग जगात दोन ठिकाणी मोठ्या प्रमाणावर झाला. दोन्हींपासून आपल्याला शिकण्यासारखे आहे.

पहिले ठिकाण स्वित्झर्लंडमधील दाव्होस. हे गाव सुमारे १५६० मीटर उंचीवर आहे. तिथे आणि इटलीतील मिझुरिना या १७५६ मीटर उंचीच्या गावी दमेकरी मुलांना महिनोन् महिने ठेवीत असत. मुलांना खरोखरच बरे वाटे. कारण शोधले तेव्हा लक्षात आले की त्या उंचीवरची हवा अतिशय कोरडी असते आणि अंथरुणातील 'डस्ट माईट' नावाचे सूक्ष्म जीव तिथे जगू शकत नाहीत. परंतु मुले घरी सखल प्रदेशात परतली की काही महिन्यांत त्रास पुन्हा सुरू होई. म्हणजे हवेने दमा बरा केला नव्हता, दम्याला चेतविणारी एक वस्तू तेवढ्यापुरती दूर केली होती.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे कोणी म्हणेल, मग महाबळेश्वरला जावे. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटर उंच आहे खरे, पण तिथे वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळ्यात भिंतींना ओल आणि कपड्यांना बुरशी. उंचीपेक्षा कोरडेपणा महत्त्वाचा, हे यावरून दिसून येते.

दुसरे ठिकाण अमेरिकेतील ॲरिझोना राज्याचे टुसान शहर. हा वाळवंटी प्रदेश. विसाव्या शतकात दमा आणि ॲलर्जी असलेली असंख्य कुटुंबे कोरड्या हवेसाठी तिथे जाऊन राहिली. पण माणसे एकटी गेली नाहीत. सावलीसाठी त्यांनी तुती आणि ऑलिव्हची झाडे लावली, अंगणात हरळीची हिरवळ केली. काही वर्षांत परागकण इतके वाढले की १९८० च्या दशकात तेथील पिमा काउंटीला परागकण देणाऱ्या तुती व ऑलिव्हच्या झाडांच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. याच शहरात १९८० साली १२४६ नवजात बालकांची नोंद करून त्यांच्या श्वसनाचा दीर्घकाळ अभ्यास सुरू झाला. त्यात असे आढळले की डस्ट माईट कमी असलेल्या या वाळवंटातही मुलांना दमा होतोच. तिथे तो 'आल्टर्नारिया' नावाच्या बुरशीशी निगडित होता. एक कारण नाहीसे झाले, तर दुसऱ्याने जागा घेतली.

गाव बदलले की काय बदलते?

महाराष्ट्रापुरते पाहिले तरी हवेचे चार-पाच प्रकार सहज दिसतात.

कोकण आणि मुंबईची हवा दमट. डस्ट माईट पाणी पीत नाहीत, ते हवेतील ओलावा शोषून जगतात आणि माणसाच्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कणांवर पोसतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७० ते ८० टक्के असली की त्यांची भरभराट होते. ५० टक्क्यांच्या खाली बराच काळ राहिली की ते सुकून मरू लागतात. कोकणातील कापसाच्या गाद्या, उशा, जुन्या गोधड्या म्हणजे त्यांचे माहेरघरच. त्यात पावसाळ्यातील भिंतींची ओल आणि बुरशी.

देशावरची हवा कोरडी, पण धुळीची. मोकळ्या जागी गाजरगवत माजलेले असते. काँग्रेस गवत म्हणून ओळखले जाणारे हे तण १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले आणि नंतर देशभर पसरले. त्याच्या परागांनी शिंका, डोळ्यांची खाज आणि दमा हे तिन्ही होऊ शकतात. ओढ्याकाठची वेडी बाभूळ ही तशीच. ऊसपट्ट्यात गळीत हंगामात पाचट जाळतात, त्याचा धूर संध्याकाळी गावावर उतरतो. तूर आणि ज्वारीच्या मळणीची धूळ निराळीच.

विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळा कडक आणि कोरडा. तो डस्ट माईटना मानवत नाही. पण तिथे घरोघरी कूलर असतो. कूलरने घरातील आर्द्रता वाढते, वाळ्याच्या ताट्या किंवा लाकडी भुशाच्या जाळ्या कुबट झाल्या की बुरशीही येते. कोरड्या प्रदेशात कूलर असलेल्या घरांत डस्ट माईट अधिक सापडतात हे परदेशातील पाहणीतही दिसले आहे. म्हणजे आपण बाहेर टाकून आलेली दमट हवा पुन्हा घरात आणतो. कूलर वापरू नये असे नाही. दर उन्हाळ्यात जाळ्या नव्या बसवाव्यात, टाकीचे पाणी वरचेवर बदलावे, आणि खिडकी उघडी ठेवून चालवावा.

मोठ्या शहरांत वाहनांचा धूर आणि बांधकामाची धूळ. हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत अडकते आणि धूर वर जाऊ शकत नाही, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ वाईट. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक धूलिकण. आपल्या देशात त्यांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली तीच १५ सुचविली. ज्या शहरात जायचे तिथल्या हवेचा निर्देशांक केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' या ॲपवर पाहता येतो. विद्यार्थ्यांनी हे काम पालकांसाठी अवश्य करावे.

पहिले वर्ष फसवे असते

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. नव्या गावी गेल्यावर पहिले वर्ष बहुधा चांगले जाते. आमचेही गेले. रत्नागिरीकडे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत धाकट्याला तीन-चार वेळा तरी वाफ द्यावी लागे, दवाखान्यात न्यावे लागे. सोलापूरच्या पहिल्या पावसाळ्यात एकदाही जावे लागले नाही. शेजारीपाजारी म्हणू लागले, "बघा, हवा मानवली. आता बंद करा ती औषधे."

डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितले की प्रतिबंधक औषध चालू ठेवा. कारण शरीराला एखाद्या परागकणाची ॲलर्जी होण्यासाठी तो कण आधी काही हंगाम शरीरात जावा लागतो. नव्या प्रदेशात आलेल्या माणसाला तेथील गवता-झाडांची ॲलर्जी पहिल्याच वर्षी न होता दोन, चार, पाच वर्षांनी होऊ शकते. परदेशात स्थलांतर केलेल्या लोकांच्या अभ्यासातही हेच आढळले आहे.

आमच्या धाकट्याला तिसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुमारास शिंका आणि डोळ्यांची खाज सुरू झाली, पाठोपाठ पहाटेचा खोकला आला. घरामागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये गाजरगवत कमरेइतके वाढले होते. कॉलनीतील चौघांनी मिळून, तोंडाला रुमाल आणि हातात मोजे घालून, पुढील वर्षी ते फुलावर येण्यापूर्वीच उपटले. औषध चालू होते म्हणून त्या हंगामात दवाखान्यात भरती करण्याची वेळ आली नाही.

या सर्वांत आम्हांला उपयोगी पडली ती एक साधी वही. बँकेतल्या माणसाला नोंदींची सवय असतेच. तारीख, रात्री खोकला आला का, आराम देणारा पंप किती वेळा लागला, पीक फ्लो मीटरवरील आकडा, आणि त्या दिवशी काय विशेष घडले, असे पाच रकाने. पीक फ्लो मीटर ही जोरात फुंकून श्वासाचा वेग मोजण्याची स्वस्त नळी आहे, साधारण पाच-सहा वर्षांपुढील मुलाला ती जमते. मुलाचा चांगल्या दिवसांतील सर्वांत मोठा आकडा हा त्याचा शंभर टक्के. ८० टक्क्यांच्या वर असला तर ठीक, ५० ते ८० च्या दरम्यान सावध व्हावे, ५० च्या खाली तातडीने डॉक्टरांकडे. वर्षभराची वही पाहिली की कोणता महिना, कोणती वस्तू मुलाला बाधते ते आपोआप दिसू लागते. डॉक्टरांनाही तोंडी हकिकतीपेक्षा वही अधिक उपयोगी पडते.

निघण्यापूर्वीची तयारी

१) दमा आधी आटोक्यात आणावा, मग गाव बदलावे. धाप चालू असताना सामान बांधू नये.

२) जुन्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्यावी. त्यात निदान, औषधांची मूळ नावे, प्रमाण, मागील भरतीच्या तारखा आणि त्रास वाढल्यास काय करावे हे लिहून घ्यावे. दोन महिन्यांची औषधे जवळ ठेवावीत.

३) शक्य असल्यास नव्या गावी आधी एकदा जाऊन यावे. तेथील बालरोगतज्ज्ञ कोण, रात्री उघडे असणारे रुग्णालय किती अंतरावर, तिथे ऑक्सिजनची सोय आहे का, हे घरभाड्याच्या आधी पाहावे.

४) सामान बांधण्या-सोडण्याच्या दिवशी मुलाला शेजारी किंवा नातेवाइकांकडे ठेवावे. माळ्यावरची धूळ त्या दिवशी घरभर होते.

५) प्रवासात पंप आणि स्पेसर हातातल्या पिशवीत असावेत, ट्रंकेत नव्हे. पंप ३० अंशांच्या वर तापू देऊ नये. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तर मुळीच ठेवू नये.

घर कसे निवडावे?

ओल आलेले, तळमजल्यावरचे, ऊन न येणारे घर टाळावे, मग भाडे कितीही कमी असो. पिठाची गिरणी, जिनिंग, कोंबड्यांची शेड, वीटभट्टी आणि वाहता हमरस्ता यांच्यापासून दूर राहावे. नव्याने रंग दिलेल्या घरात वास गेल्याशिवाय मुलाला झोपवू नये.

जुन्या गाद्या हा मोठा प्रश्न. डस्ट माईट मेले तरी त्यांची विष्ठा गादीत राहते, आणि ॲलर्जी होते ती मुख्यतः तिचीच. म्हणून दमट गावातील जुनी गादी कोरड्या गावी नेली की आजारही बरोबर नेला असे होते. जमल्यास मुलासाठी नवी गादी घ्यावी. तिला व उशीला घट्ट विणीच्या कापडाचा चेनचा अभ्रा घालावा. गोधड्या-चादरी आठवड्यातून एकदा ५५ ते ६० अंश गरम पाण्यात धुवाव्यात आणि कडक उन्हात वाळवाव्यात. कापूस पिंजून गादी नव्याने भरायची असेल तर ते काम घरात किंवा अंगणात करू नये. केर काढण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावे.

धूर घरातलाही असतो. विडी-सिगारेट दमेकरी मुलाच्या घरात कोणीच ओढू नये, बाहेर ओढून आत येणेही नको. डास पळविणारी एक वळी जळून संपेपर्यंत जितके बारीक धूलिकण सोडते ते ७५ ते १३७ सिगारेटींएवढे असतात असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजले गेले. तिच्याऐवजी मच्छरदाणी लावावी. वंदनेच्या वेळी लावल्या जाणाऱ्या अगरबत्तीच्या बाबतीतही विचार व्हावा. बंद खोलीत अगरबत्तीचा जुडगा पेटविण्यापेक्षा फुले आणि एक मेणबत्ती पुरेशी आहे, आणि विहाराच्या खिडक्या उघड्या असाव्यात. दमेकरी मूल मागे दाराशी बसले तर त्याला कोणी टोकू नये.

शाळेचा प्रश्न

वर्षाच्या मध्येच बदली झाली तर शाळा दाखला आणण्यासाठी अडवून धरतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला या कारणावरून सरकारी किंवा अनुदानित शाळेला पहिली ते आठवीतील मुलाचा प्रवेश लांबविता किंवा नाकारता येत नाही. हे सभासदांनी लक्षात ठेवावे.

नव्या शाळेत वर्गशिक्षक आणि खेळाचे शिक्षक या दोघांनाही पहिल्याच आठवड्यात भेटावे. पंप दप्तरात असेल, तो मुलाला केव्हाही घेऊ द्यावा, फळ्याजवळ खडूच्या धुळीत त्याला बसवू नये, एवढे एका कागदावर लिहून द्यावे. खेळ बंद करू नये. आधी हळूहळू अंग गरम करावे आणि डॉक्टरांनी सांगितले असल्यास खेळापूर्वी दहा-पंधरा मिनिटे पंप घ्यावा. मुलाला मैदानाच्या कडेला बसवून ठेवणे हा उपचार नव्हे.

पंपाविषयीचे गैरसमज

पंपाची कथा मजेशीर आहे. १९५५ साली अमेरिकेतील एका औषध कंपनीच्या अध्यक्षांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारले, केसांच्या फवाऱ्यासारखे माझे औषध डब्यातून का मिळू नये? पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, मोजून फवारा देणारा पंप बाजारात आला. एका शाळकरी मुलीच्या प्रश्नाने जगभरच्या रुग्णांची सोय झाली. विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पंप दोन प्रकारचे असतात. साल्ब्युटामॉलसारखा पंप आवळलेल्या नळ्या काही मिनिटांत सैल करतो, पण सूज घालवीत नाही. बुडेसोनाइडसारखा प्रतिबंधक पंप सूज उतरवितो. तो रोज घ्यावा लागतो आणि त्याचा गुण सावकाश येतो. पुष्कळ घरांत पहिलाच वापरला जातो आणि दुसरा 'स्टेरॉइड आहे' म्हणून बंद केला जातो. नेमके हेच धोक्याचे आहे.

'पंपाची सवय लागते' हा समज खोटा आहे. चष्म्याची जशी सवय लागत नाही तशीच पंपाचीही नाही. 'उंची खुंटते' यात थोडे तथ्य आहे. लहानपणी दीर्घकाळ प्रतिबंधक पंप घेतलेल्यांची उंची सरासरीने साधारण एक सेंटीमीटर कमी भरली. पण वारंवार उसळणारा दमा आणि त्यासाठी तोंडाने घ्यावी लागणारी स्टेरॉइड औषधे वाढीला याहून अधिक बाधक असतात. लहान मुलाला पंप नेहमी स्पेसरमधून द्यावा, नाहीतर औषध घशातच राहते. प्रतिबंधक पंपानंतर चूळ भरावी. ही दोन्ही औषधे राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत.

केळे, दही, भात सरसकट बंद करण्याचीही गरज नसते. एखाद्या पदार्थाने खरोखर त्रास होतो असे वहीत दिसले तरच तो टाळावा. हैदराबादला मृगाच्या दिवशी जिवंत माशाच्या तोंडातून दिल्या जाणाऱ्या औषधासाठी आपल्याकडूनही लोक गाडी करून जातात. त्याने दमा बरा होतो असे कोणत्याही शास्त्रीय चाचणीत सिद्ध झालेले नाही. कोणी कुठे जावे हे आम्ही सांगणार नाही. चालू औषध बंद करून मात्र जाऊ नये.

रात्रीचा प्रसंग आला तर

नव्या गावात ओळखपाळख नसताना रात्री मुलाला धाप लागली तर हात-पाय गळतात. म्हणून पुढील गोष्टी कागदावर लिहून दाराच्या मागे लावाव्यात. मुलाला ताठ बसवावे, झोपवू नये. साल्ब्युटामॉलचा एकेक फवारा स्पेसरमधून, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या प्रमाणात द्यावा. मूल एका दमात वाक्य बोलू शकत नसेल, श्वासागणिक बरगड्यांमधील कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल सुस्त पडत असेल, किंवा औषधाने आराम पडत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि ती येईपर्यंत औषध देत राहावे. छातीतला आवाज एकाएकी बंद झाला आणि मूल थकलेले दिसले तर ते बरे झाल्याचे लक्षण नव्हे. हवाच आत-बाहेर होत नाही असा त्याचा अर्थ असू शकतो.

परदेशी जाणाऱ्या मुलांसाठी

आता आपल्या समाजातील मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी परदेशी जात आहेत ही अभिमानाची गोष्ट आहे. त्यांच्यासाठी एक माहिती. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरात २१ नोव्हेंबर २०१६ रोजी संध्याकाळी वादळी पाऊस आला. राय गवताचे परागकण ओलाव्याने फुटून अतिसूक्ष्म झाले आणि वाऱ्याबरोबर शहरभर पसरले. काही तासांत हजारो लोक धापा टाकीत रुग्णालयांत पोहोचले, दहा जण दगावले. बाधितांत भारतीय आणि अन्य आशियाई वंशाच्या लोकांचे प्रमाण लक्षणीय होते. कित्येकांना आपल्याला दमा आहे हे ठाऊकच नव्हते, त्यांना फक्त हंगामी सर्दी-शिंकांचा त्रास होता. तेव्हा बालपणी दमा होता आणि आता नाही अशा तरुणांनीही परदेशी जाताना डॉक्टरांना भेटून जावे, पंप जवळ ठेवावा, आणि थंड देशांतील गालिच्यांच्या बंद घरांत डस्ट माईट असतात हेही विसरू नये.

बदली घ्यावी की नाकारावी?

हा प्रश्न आम्हांला पुष्कळ सहकारी विचारतात. आमचे उत्तर असे. केवळ दम्यासाठी घर विकू नये, मुलाला आईवडिलांपासून तोडू नये. आधी सहा महिने नियमित उपचार करून पाहावा, घरातील ओल, धूर आणि गादी यांचा बंदोबस्त करावा. बहुतेक मुलांचा दमा आहे त्याच गावात आटोक्यात येतो. इतके करूनही वर्षातील ठरावीक महिन्यांत मूल आजारी पडत असेल आणि वही तसे दाखवीत असेल, तर बदलीचा विचार रास्त आहे. अशा वेळी सुटीत नव्या गावी महिनाभर राहून पाहावे. मात्र एक महिना म्हणजे तीन ऋतू नव्हेत, हे समजून असावे. विनंती बदलीच्या अर्जाला बालरोगतज्ज्ञांचे प्रमाणपत्र आणि वहीची प्रत जोडावी. नुसत्या 'कौटुंबिक अडचणी'पेक्षा त्याला वजन असते.

उलट, बदली किंवा बढती चालून आली असेल तर केवळ दम्याच्या भीतीने ती सोडू नये. लिपिकाचा अधिकारी झाला की देशात कोठेही जावे लागते, म्हणून अनेक पालक परीक्षेलाच बसत नाहीत. आम्हीही इतकी वर्षे बसलो नव्हतो. थोरल्याचा दमा दोन वर्षे आटोक्यात आहे, धाकट्याला काय बाधते ते आता ठाऊक आहे, आणि औषध कोठेही मिळते. तेव्हा येत्या वेळी परीक्षा देण्याचे आम्ही ठरविले आहे.

शेवटी मंडळाला एक सूचना. दर वर्षी मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जागतिक दमा दिन असतो. त्या सुमारास विहाराच्या सभागृहात एखाद्या बालरोगतज्ज्ञांना बोलावून पंप व स्पेसर वापरण्याचे प्रात्यक्षिक ठेवावे. तसेच बदली होऊन गावात नव्याने आलेल्या सभासदाला जवळचा डॉक्टर, रात्रीचे रुग्णालय आणि एखाद्या जुन्या सभासदाचा फोन क्रमांक एवढे लिहिलेले कार्ड पहिल्याच भेटीत द्यावे. खर्च काही नाही. पण परक्या गावात रात्री दोन वाजता मुलाचा श्वास अडकलेल्या आईवडिलांना त्या कार्डाची किंमत कळेल.